खिडकीमागे ८० रुपये लावतो, तरी हातात काही उरत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. ऐरोलीला राहणारा, तिशीच्या आतला एक वाचक. आधी एका एजन्सीमार्फत महापेच्या बाजूला ऑफिसात हाउसकीपिंगला होता, महिन्याला हातात १५ हजार यायचे. मागच्या वर्षी मोठ्या मामेभावाबरोबर स्वतःचं काम सुरू केलं, घरांच्या आणि दुकानांच्या काचा साफ करायचं. फोन येतात, काम मिळतंय, पण रेट काय सांगायचा हेच कळत नाही. फोनवर तो "खिडकीला ८०" सांगून मोकळा होतो आणि तिथे गेल्यावर अर्धा दिवस जातो. मामेभावाचं म्हणणं, पार्किंगमधली गाडी बघायची, हॉल बघायचा आणि मग आकडा टाकायचा. तसं केल्यावर ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत दोन शेजारणींनी रेट ताडून पाहिले, ग्रुपवर "लुटतात" म्हणून मेसेज फिरला आणि तिथली कामं बंद झाली. वर एका घरातून चौदाव्या मजल्यावर बाहेरच्या सज्ज्यावर उतरून काच पुसली तर ५०० जास्त देऊ असं सांगितलं, भाऊ तयार झाला, याने नको म्हटलं, त्यावरून दोघांत वाजलं. तो विचारतो, "ताई, सगळ्यांना एकच रेट लावणं हाच प्रामाणिकपणा ना? मग त्यात पोट का भरत नाही? आणि जास्त मागताना चोरी केल्यासारखं का वाटतं?"

आधी चौदाव्या मजल्याचं बोलून घेऊ, रेटचं त्यानंतर. तू नको म्हणालास ते अगदी बरोबर केलंस आणि यात अजिबात मऊ पडू नकोस, भाऊ मोठा असला तरी. सज्जा ही उभं राहायची जागा नाही. त्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, एसीचं पाणी ठिबकत असतं, कबुतरांच्या घाणीचा थर असतो, त्यावर साबणाचं पाणी सांडलं की पाय कुठे जाईल सांगता येत नाही, आणि तो सज्जा माणसाचं वजन पेलेल की नाही हे खिडकीतून बघून कोणालाच कळत नाही. बाहेरून लटकून काचा पुसणारी माणसं असतात पण ते वेगळं काम आहे, त्याचं ट्रेनिंग असतं, अंगभर हार्नेस असतो, कामाचा एक दोर आणि सेफ्टीचा दुसरा, दोन्ही गच्चीवर वेगवेगळ्या ठिकाणी पक्के बांधलेले, वर लक्ष ठेवायला माणूस, सोसायटीची परवानगी. कमरेला दोरी बांधून ती ग्रिलला अडकवली याला सेफ्टी म्हणत नाहीत, ग्रिल भिंतीला चार स्क्रूवर उभं असतं. तेव्हा ५०० असू देत नाहीतर ५,०००, या कामाला तुमच्याकडे रेटच नाही. ग्राहकाला सरळ सांगायचं, आतून हात आणि रॉड पोचेल तेवढंच करतो. स्लायडिंगचे दोन्ही पल्ले एका बाजूला सरकवले की बाहेरची बरीचशी काच आतून उभं राहून होते, उरलेल्या भागाला वाकड्या मुंडीचा छोटा रॉड लागतो. वायपरला आणि स्क्रॅपरला दोरी लावून ती मनगटात अडकवायची, कारण चौदाव्या मजल्यावरून सुटलेला वायपर खाली कोणाच्या तरी डोक्यात जाणार. आणि जी काच बाहेरून झाली नाही ती झाली नाही असं सांगायचं, तिचे पैसे घ्यायचे नाहीत. बास, हा विषय इथे संपला.

आता एकच रेट म्हणजे प्रामाणिकपणा, हे जे तू धरून चाललायस ना, घोडं तिथेच पेंड खातंय. नेरूळच्या जुन्या सिडकोच्या बिल्डिंगमधली बेडरूमची दोन पल्ल्यांची खिडकी आणि खारघरच्या टॉवरमधली हॉलची जमिनीपासून छतापर्यंतची काच, दोन्हीला तू एक खिडकी म्हणून मोजतोस. पहिलीचं ग्रिल उघडतच नाही, गजांमधून मनगट वाकडं करून फडका फिरवावा लागतो. दुसरीला ग्रिल नाही, पण ट्रॅक तीन, मच्छरजाळीचा पल्ला वेगळा आणि वरच्या कोपऱ्यासाठी शिडी. किचनची खिडकी तर निराळंच प्रकरण आहे, एक्झॉस्ट फॅनच्या आजूबाजूच्या काचेवर फोडणीचं तेल आणि धूळ मिळून जो चिकट थर बसतो तो आधी गरम पाण्याने आणि साबणाने भिजत ठेवावा लागतो, त्यावर सरळ वायपर ओढलास तर नुसता फरफटतो आणि घाण इकडची तिकडे होते. या तिन्हींना ८० म्हटल्यावर एकाला ते महाग पडतं आणि दुसऱ्याला जवळजवळ फुकट, म्हणजे एकच रेट लावूनसुद्धा तू सगळ्यांशी सारखा वागला नाहीसच. सारखा असायला हवा तो तुमच्या तासाचा भाव. खिडकीचा भाव त्यातून निघतो, आणि तो वेगवेगळाच निघणार.

तर तासाचा भाव कसा काढायचा ते मांडून दाखवते, आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. दोघांना महिन्याला घरी २२-२२ हजार न्यायचेत असं धरू, झाले ४४ हजार. पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, अधूनमधून रिक्षा मिळून ५ हजार. साबण, फडके, स्क्रॅपरची पाती, हातमोजे ३ हजार. वायपरचं रबर, बादल्या, रॉड, शिडी कधीतरी बदलावी लागणार म्हणून दीड हजार बाजूला. अपघात विम्याचा हप्ता आणि एखाद्या घरी काच तडकली तर भरून द्यायला म्हणून आणखी दीड हजार. एकूण ५५ हजार. सुट्ट्या, ऐनवेळी कॅन्सल झालेली कामं, धो-धो पावसाचे दिवस वगळून महिन्यात २२ दिवस काम लागलं तर दिवसाला अडीच हजार यायला पाहिजेत.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि मग अडीच हजाराला आठ तासांनी भागतात, तिथे सगळं फसतं. कारण दिवसभरात हात खरोखर काचेवर किती वेळ असतो ते बघ ना. सकाळी ऐरोलीहून निघून मानपाडा गाठायचं, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, गेटवर वॉचमन ॲपवर एन्ट्री टाकणार, घरचे फोन उचलेपर्यंत तिथेच उभं राहायचं, मग सर्व्हिस लिफ्टची वाट, मग घरात सोफा सरकवा, पडदे काढा, झाडांच्या कुंड्या उचला, खाली चादर अंथरा. आठ-नऊ तासांच्या दिवसात पाच तास हात चालले तर खूप झालं. अडीच हजार भागिले पाच, म्हणजे दोघांचे मिळून तासाला ५०० रुपये.

आता एक साधा टू बीएचके घे. हॉलचा बाल्कनीचा मोठा स्लायडिंग दरवाजा २५ मिनिटं, दोन बेडरूमच्या खिडक्या प्रत्येकी १५ म्हणजे ३०, किचन ३०, दोन बाथरूमच्या झडपांच्या खिडक्या प्रत्येकी १० म्हणजे २०. झाली १०५ मिनिटं, पावणेदोन तास, म्हणजे ८७५ रुपये. तुझ्या ८० च्या रेटने त्याच सहा खिडक्यांचे ४८० झाले. या हिशोबाने अख्खा दिवस पाच तास काम करून साधारण १,३७० येतात, त्यातला रोजचा खर्च ५०० गेला, उरलेले दोघांत वाटले तर माणशी ४३५ च्या आसपास. २२ दिवसांचे साडेनऊ हजार. एजन्सीत तुला १५ मिळत होते! म्हणजे पोट का भरत नाही याचं उत्तर तुझ्या स्वभावात नाहीये, मार्केटमध्ये पण नाहीये, त्या ८० मध्येच आहे, तू महिन्याला स्वतःच्या खिशातले पाच-साडेपाच हजार घालून लोकांच्या काचा पुसत होतास.

आणि चोरी केल्यासारखं का वाटतं, त्याबद्दल मला असं वाटतं की तू अजून स्वतःकडे पगाराच्या नजरेने बघतोस. पावणेदोन तासांचे ८७५ म्हटल्यावर लगेच मनात येतं की अरे, हे तर माझ्या तेव्हाच्या दीड दिवसाच्या पगाराएवढे झाले. पण तेव्हा साबण तुझा नव्हता, पेट्रोल तुझं नव्हतं, ज्या दिवशी काम कमी त्या दिवशीही हजेरी लागायची, आणि तुझ्या नावावर एजन्सी कंपनीला किती बिल लावायची ते तुला कोणी दाखवलं नाही. आता एजन्सी पण तूच आहेस, सुपरवायझर पण तूच. ग्राहक जे देतो तो तुझा पगार नाही, त्यातून सगळं भागवून जे उरतं तो तुझा पगार. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं ना की आकडा सांगताना आवाज आपोआप स्थिर होईल.

वर मी जी मिनिटं लिहिली ती माझी, तुझी वेगळी असतील आणि तीच खरी. म्हणून पुढचे काही आठवडे एक वही ठेव. प्रत्येक खिडकीपुढे लिही, कुठल्या प्रकारची, ग्रिल उघडतं का, जाळी निघते का, शेवटची कधी साफ केली होती, आणि किती मिनिटं लागली. मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं, अंदाज नको, अंदाज नेहमी आपल्याला हवा तसाच येतो. यातून तुझं स्वतःचं रेट कार्ड तयार होईल, दोन पल्ल्यांची साधी इतके, तीन ट्रॅक आणि जाळीवाली इतके, किचनची इतके, बाल्कनीचा दरवाजा इतके, फिक्स ग्रिल असेल तर वर इतके. आणि त्याच्या डोक्यावर एक ओळ ठळक लिहायची, कमीत कमी काम इतक्याचं. एक खिडकी असो की सहा, ट्रॅफिक, गेट आणि लिफ्ट तेवढीच लागते. एकाच खिडकीसाठी १२५ रुपयांवर कासारवडवलीला गेलास तर तो दिवस गेला समज. कमीत कमी ७०० म्हटलं तर काही लोक नको म्हणतील, काही जण मग सगळ्याच खिडक्या करून घ्या म्हणतील, दोन्ही चांगलंच आहे.

भावाच्या गाडी बघायच्या पद्धतीकडे येऊ. तो काही वाईट माणूस आहे म्हणून असं करत नाहीये, त्याला दिसतंय की साध्या रेटमध्ये भागत नाही, मग जिथे पैसा दिसतो तिथून घ्यावा असं त्याला वाटतं. पण काचेला कुठे माहीत असतं पार्किंगमध्ये कुठली गाडी आहे? मोठ्या घराचं काम महाग असायची खरी कारणं असतात, काच उंच असते, कोटिंगवाली किंवा फिल्म लावलेली असते, ओरखडा पडला तर नुकसान मोठं असतं. ती कारणं रेटमध्ये धर, बिनधास्त धर, पण ती खिडकीपाशी उभं राहून बोटाने दाखवता आली पाहिजेत. त्या सोसायटीत तुमची चूक दोन रेट सांगितले ही नव्हतीच. शेजारणीने विचारल्यावर तिला ९०० आणि मला १,४०० का, याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं, तिथे नाव खराब झालं. शिंपी अस्तराच्या ब्लाउजचे जास्त घेतो तेव्हा त्याला कोणी लुटारू म्हणत नाही, कारण अस्तर दिसतं. तुमच्या कामातलं अस्तर तुम्ही दाखवायला पाहिजे, फिक्स ग्रिल, कबुतरांनी भरलेला कोनाडा, तीन वर्षं न उघडलेला ट्रॅक. आणि उलटंही लक्षात ठेव, एखाद्या घरी पेन्शनवरचे आजी-आजोबा आहेत आणि तुला कमी घ्यावंसं वाटलं तर जरूर घे, फक्त आधी खरा रेट सांग आणि मग, तुमच्यासाठी इतके कमी करतो, असं म्हण. नाहीतर त्यांचा मुलगा तोच आकडा चार मित्रांना सांगतो.

फोनवर आकडा सांगणं आजपासून बंद. फोन आला की प्रत्येक खिडकीचा आतून एक फोटो आणि पल्ला सरकवून ट्रॅकचा एक फोटो व्हॉट्सॲपवर मागव, सोबत विचार की कितवा मजला, ग्रिल उघडतं का, घरात नुकतं रंगकाम किंवा फरशीचं काम झालंय का, काचेवर पांढरे डाग आहेत का. फोटो बघून "८५० ते १,००० च्या मध्ये, नक्की आकडा बघितल्यावर, काम सुरू करायच्या आधी" असं लिहून पाठव. मोठं घर असेल तर आधी बघायला जा. बघितल्याशिवाय नक्की सांगणार नाही म्हटलं तर ग्राहक जातील अशी भीती तुला वाटत असणार, काही जातीलही, ते बहुतेक तेच असतील जे ८० ला पण घासाघीस करतात.

त्या पांढऱ्या डागांबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण रेट सगळ्यात जास्त इथेच चुकतो. जिथे बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी वापरतात तिथे, आणि घोडबंदर पट्ट्यात टँकरची काय परिस्थिती असते ते तुला मी सांगायला नको, वरच्या बाल्कनीतून झाडांचं पाणी काचेवर ओघळतं, सुकतं, परत ओघळतं. पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार काचेवर राहतात. नवीन असतील तर व्हिनेगरने किंवा पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्त्वाने निघतात, थोडा वेळ ओलं ठेवायचं आणि मऊ पॅडने घासायचं. पण खालचा कट्टा संगमरवरी असेल तर आधी त्यावर प्लास्टिक अंथर, लिंबूसत्त्वाचा एक ओघळ सांडला तरी संगमरवराची पॉलिश तिथे कायमची जाते, आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पण ते पाणी राहू द्यायचं नाही. डाग वर्षानुवर्षं जुने असतील तर मात्र काचच खाल्ली गेलेली असते, तिथे घाण उरलेलीच नसते, पृष्ठभाग खराब झालेला असतो, तो सेरियम ऑक्साइडच्या पावडरने पॉलिश करावा लागतो किंवा काच बदलावी लागते. म्हणून आधी एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर करून बघायचं, ग्राहकाला बोलवून दाखवायचं, निघत असेल तर तासाच्या भावाने वेगळा रेट सांगायचा, निघत नसेल तर निघणार नाही म्हणायचं. साध्या रेटमध्ये हे काम कधीच घेऊ नकोस. आणि लेबल नसलेल्या बाटलीतलं "काचेचं ॲसिड" कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नकोस, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असू शकतं, ते काचच खातं आणि कातडीतून आत खोल जातं, पातळ केलेलं असेल तर दुखायला कधीकधी काही तासांनी लागतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

नवीन फ्लॅट किंवा रिनोव्हेशननंतरचं काम पण असंच, सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे थेंब, सिलिकॉन, स्टिकरचा चिकटपणा. हे खिडकीच्या भावात बसतच नाही, तासावर घ्यायचं. काच पूर्ण ओली करून, नवीन पातं लावून, एकाच दिशेने खरवडायचं, तरी टफन्ड काचेवर पात्याने ओरखडे येऊ शकतात आणि फिल्म लावलेल्या काचेला तर पातं लावायचंच नाही. काम सुरू करायच्या आधी सगळ्या काचांचा व्हिडिओ काढून ग्राहकाला पाठवून दे, म्हणजे आधीचा ओरखडा तुमच्या गळ्यात पडणार नाही.

अजून एक गोष्ट जी वेळ खाते आणि वेळ म्हणजे पैसे, ती म्हणजे ऊन. दुपारी पश्चिमेची काच घेतली की वायपर फिरायच्या आधी पाणी सुकतं, रेघा उठतात, परत पुसा. सकाळी पश्चिमेच्या काचा, दुपारनंतर पूर्वेच्या. आणि साबण अगदी थोडा, जास्त घातला की काचेवर पापुद्रा राहतो.

घासाघीस होणार, आपल्याकडे भाजीपासून होते. ग्राहकाने भाव केला म्हणजे तुझा रेट चुकीचा आहे असं नाही, बरेच जण सवयीने विचारतात. रेट कमी करायचा नाही, काम कमी करायचं. १,००० जास्त वाटतात का, मग ७०० मध्ये फक्त काचा करतो, ट्रॅक आणि जाळ्या राहू देत. नव्वद टक्के वेळ कटकट ट्रॅकचीच असते हे तुला माहितीये, जुना टूथब्रश घेऊन कोपऱ्यातली माती उकरायची, केस, मेलेले किडे, ते तू आजवर फुकटात करत आलास. ॲपवरून कोणी स्वस्तात येतो असं कोणी म्हणालं तर वाद नको, तुमच्या रेटमध्ये काय काय येतं तेवढं सांग आणि थांब.

माझ्या मते तुमचा खरा पाया मात्र दुकानांत आहे. ठाण्याचा राम मारुती रोड, गोखले रोड किंवा तिकडे वाशीचं सेक्टर १७ बघ, ओळीने काचेची दुकानं, तळमजला, ग्रिल नाही, लिफ्ट नाही, गेट नाही. एका दुकानाची काच आतून-बाहेरून दहा-पंधरा मिनिटांत होते. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, दुकान उघडता उघडता, एकाच रस्त्यावर पाठोपाठ दहा दुकानं, पैसे महिन्याचे. इथे रेट कमी लावलास तरी परवडतं कारण मध्ये वेळ वाया जात नाही. ब्रिटनमध्ये काचा पुसणाऱ्यांचा धंदा बराचसा असाच फेरीवर चालतो, ठरलेल्या गल्ल्या, चार किंवा आठ आठवड्यांनी फेरी, आणि पहिल्या वेळी रेट जास्त कारण साचलेलं सगळं काढायचं असतं. ती पद्धत घेण्यासारखी आहे, पण तिकडचे व्हिडिओ बघून तिकडचे रेट रुपयात करून बघू नकोस, त्यांची घरं बहुतेक दोन मजली, ग्रिल नाही, क्षार काढलेलं पाणी लांब रॉडमधून सोडून जमिनीवरूनच वरच्या काचा धुतात. तुझ्या घरगुती ग्राहकांनाही तीन महिन्यांनी परत येण्याचा रेट पहिल्याच दिवशी सांग, आणि तो खरंच कमी ठेव कारण दुसऱ्या वेळी काम खरंच कमी असतं.

सीझनचं म्हणशील तर दिवाळीच्या आधी सगळ्यांना एकाच आठवड्यात काचा करून हव्या असतात. तेव्हा ऐनवेळी आकडा वाढवू नकोस, पण नवरात्रापासूनच जुन्या ग्राहकांना मेसेज टाक की या तारखेपर्यंत बुकिंग केलं तर नेहमीचा रेट, शेवटच्या आठवड्यात इतके जास्त. आधी सांगितलेलं जास्त कोणाला खुपत नाही. मे महिन्यात एक वेगळं काम विकता येईल, लोकांना ते माहीतच नसतं. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला छोटी भोकं असतात, ती मातीने बुजतात, मग जुलैत ट्रॅक भरतो आणि पाणी हॉलमध्ये येतं, लोक खिडकीवाल्याला शिव्या देतात. ट्रॅक साफ करून ती भोकं मोकळी करायची, मगभर पाणी ओतून बाहेर जातंय ते दाखवायचं. पाच मिनिटांचं दाखवणं, पण त्या घरातून पुढचा फोन तुलाच येणार.

बिलाचं थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा त्याची धास्ती घेऊ नकोस. सोसायटीचं किंवा ऑफिसचं मोठं काम असेल तर ते बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, पॅन दिला नाहीस तर २० टक्के कापला जातो, म्हणून पॅन आधी दे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही, आणि ती असेल तर ऑफिसवाल्यांनी ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत असा कायदा तुमच्या बाजूने आहे. घरगुती कामाला काम झाल्यावर ग्राहकाला प्रत्येक खिडकीपाशी नेऊन दाखवायचं आणि तिथेच पैसे घ्यायचे.

राहता राहिला भाऊ. मोठ्याला उलट बोलणं आपल्याकडे जड जातं, मला कळतंय, म्हणून बोलून जिंकायला जाऊ नकोस, वही पुढे ठेव. ४३५ रुपयांचा हिशोब त्याला स्वतःला करू दे, तोही बायको-पोरांसाठीच धडपडतोय, त्याला ते लगेच समजेल. रेट सांगायचं काम एकाकडेच असू दे, दोघांनी दोन आकडे सांगितले की तिथेच घोळ होतो, आणि हे तू केलंस तर ग्राहकाशी बोलणं, काम दाखवणं, पैसे घेणं हे त्याच्याकडे दे, मोठेपणाचा मान राहील आणि बहुतेक त्याला ते तुझ्यापेक्षा चांगलं जमेल. खर्चाचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि मग वाटणी. तरीही तो म्हणाला की गाडी बघूनच सांगू, तर महिनाभर त्याचा अंदाज आणि कार्डाचा आकडा दोन्ही वहीत शेजारी-शेजारी लिही, ग्राहकाला फक्त कार्डाचा सांग, आणि महिन्याच्या शेवटी खर्च वजा जाता किती उरले ते दोघं मिळून मोजा. त्या घोडबंदरच्या सोसायटीत ज्यांच्याकडे जास्त घेतले गेले त्यांना नवीन रेट कार्ड पाठव, सोबत एवढंच लिही की आधी रेट नीट ठरलेले नव्हते, आता हे ठरवलेत, तुमचे ३०० जास्त घेतले गेले होते ते पुढच्या कामात वजा करू. आकडा जो खरा असेल तो लिही. हा मेसेज भावाला दाखवूनच पाठव.